तरतूद उपलब्ध नाही

सरकारी कचेरीच्या लेखा शाखेत मी एकतीस वर्षं काढली. एवढ्या वर्षांत माझ्या हातून सर्वांत जास्त वेळा लिहिलं गेलेलं वाक्य म्हणजे ‘तरतूद उपलब्ध नाही, सबब प्रस्ताव परत’. नवऱ्याचं नावही इतक्या वेळा लिहिलं नसेल. उखाण्यात घ्यायला हरकत नव्हती.

आमच्या इमारतीच्या मागच्या जिन्याचा लोखंडी कठडा हलायचा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तर पडायला आलेल्या दातासारखा. शिपाई, चहावाला, आम्ही बायका, सगळे तिथे आपोआप भिंतीच्या बाजूने चालायचो. कुणीतरी तो सुतळीने खिडकीच्या गजाला बांधून ठेवला होता. दुरुस्तीचं अंदाजपत्रक माझ्या टेबलावर आलं, अठरा हजार काहीशे रुपयांचं. मी रजिस्टर उघडलं. फेब्रुवारी चालू होता, रकान्यात शिल्लक चार हजार दोनशे. शेरा लिहिला, सही केली, फाइल परत. पुढच्या वर्षी तीच फाइल बावीस हजारांची होऊन आली, तशीच परत गेली. तिसऱ्या वर्षी अख्ख्या इमारतीचं नूतनीकरण मंजूर झालं, त्यात जिनाच नवा. ग्रॅनाइटच्या पायऱ्या, स्टीलचा चकचकीत कठडा. फीत कापली, पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

अठरा हजार मिळत नाहीत आणि लाखो मिळतात, हे ज्याला विचित्र वाटतं त्याने कधी सरकारी हिशेब लिहिलेला नसतो. राज्याच्या अंदाजपत्रकात खर्चाच्या प्रत्येक जातीला एक आकडा आहे. १३ म्हणजे कार्यालयीन खर्च, २७ म्हणजे लहान बांधकामे, ५३ म्हणजे मोठी बांधकामे. आमच्यात कुणी ‘लहान बांधकामे’ असं पूर्ण म्हणत नसे, ‘सत्तावीसमध्ये काही आहे का?’ एवढंच. सत्तावीसमध्ये बहुधा काही नसायचं. त्यात २०१७ पर्यंत योजनांतर्गत आणि योजनेतर असे दोन वेगळे हंडे होते. नवं काही उभारायचं ते योजनेत. उभारलेलं सांभाळायचं ते योजनेतर. काटकसरीचं परिपत्रक आलं की पहिली कात्री योजनेतरला लागायची. नव्या कामाला नाव असतं, कोनशिला असते. दुरुस्तीला असतो फक्त एक आकडा.

हे सगळं मी रोज सकाळी पावणेदहाला मस्टरवर सही करून करत असे, आणि ती सही वेळेत व्हावी म्हणून रोज एक पूल ओलांडत असे.

घर कल्याणच्या अलीकडे, कचेरी वरळीच्या बाजूला. म्हणजे मध्य रेल्वेने परळला उतरायचं आणि पादचारी पुलावरून पश्चिम रेल्वेच्या एल्फिन्स्टन रोडला जाऊन बाहेर पडायचं. (आता त्या स्टेशनाचं नाव प्रभादेवी. २०१८ च्या जुलैत बदललं. माझ्या तोंडात अजून जुनंच येतं, त्याला इलाज नाही.) मी नोकरीला लागले तेव्हा परळ-लालबाग गिरणगावच होतं, निदान नावाला. भोंगे बंद पडत चालले होते. मग गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, आणि पाळीपाळीने येणाऱ्या कामगारांऐवजी सगळं ऑफिस-पब्लिक साडेनऊ ते साडेदहा या एका तासात येऊ लागलं. पूल होता तेवढाच राहिला.

त्या पुलावरून जाण्याची एक रीत होती. पर्स पोटाशी. ओढणी खोचलेली. छत्री असेल तर टोक खाली, मूठ छातीशी. आणि पाय उचलायचा नाही, सरकवायचा. जिन्यावर पाय उचलला की खाली टेकवायला जागा मिळेलच असं नाही. नव्याने येणाऱ्या मुलींना आम्ही हे शिकवायचो, जसं सासूने पहिल्या दिवशी ओट्याखालचा गॅसचा कॉक कुठे आहे ते दाखवावं, तसं. गर्दीत कधीकधी पुढे जायला स्वतः चालावंही लागायचं नाही. ‘आज पूल आपोआप आला’ असं आम्ही म्हणायचो आणि हसायचो.

२९ सप्टेंबर २०१७. शुक्रवार, खंडेनवमी. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, म्हणून कचेरीत आदल्या दिवशीच पूजा. कपाटांना, टाइपरायटरला (एक उरला होता, कुणी वापरत नसे, पूजेला मात्र पहिला मान त्याचा) झेंडूच्या माळा. फुलं आणायचं काम माझ्याकडे, म्हणून मी नेहमीपेक्षा एक गाडी आधी पकडली होती. फुलं घेतली आणि साडेनऊच्या सुमाराला पूल ओलांडून गेले. त्यानंतर तासाभरात अचानक जोराचा पाऊस आला. ज्यांच्याकडे छत्र्या नव्हत्या ते जिन्याच्या तोंडाशी, छपराखाली थांबले. मागून एकामागून एक गाड्या रिकाम्या होत राहिल्या. पुढचे हलेनात, मागचे थांबेनात. त्या जिन्यावर तेवीस माणसं गेली.

त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून एक हकीकत आली होती. एका जखमी मुलीने सांगितलेली. गर्दीत कुणा फूलवाल्याची फुलं पडली, ‘फूल गिर गया’ असं कुणीतरी ओरडलं आणि लोकांनी ऐकलं ‘पूल गिर गया’. रेल्वेच्या चौकशीत पाऊस आणि गर्दी हीच कारणं नोंदली गेली. फूल आणि पूल यांत खरंच एवढंसं अंतर होतं की नाही, ते ठरवणारी मी कोण? पण त्या दुपारी माझ्या टेबलावर झेंडू पडले होते आणि घरून एकामागून एक फोन येत होते, एवढं मला माहीत आहे. माळा कुणी ओवल्या नाहीत. संध्याकाळी शिपायाने फुलं तशीच टाइपरायटरवर ओतली.

दसऱ्याच्या सकाळी मी पेपर वाचत बसले. मृतांच्या फोटोंच्या पानावरून डोळे लवकर काढले आणि आतल्या पानावर एक बातमी वाचली. नव्या, रुंद पुलाची मागणी जुनीच होती. रेल्वेच्या कागदांवर तो मंजूरही झालेला होता. काम सुरू झालेलं नव्हतं. आणि खासदारांनी पाठवलेल्या पत्राला २०१६ मध्ये रेल्वेमंत्र्यांकडून जे उत्तर आलं होतं, त्यात निधीची टंचाई असल्याचा उल्लेख होता.

शेजारणी, भाऊजी, सोसायटीच्या ग्रुपवरचे सगळे त्या उत्तरावर संतापले. मी गप्प बसले. ते वाक्य दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या लेटरहेडवर होतं, पण घरचंच होतं. सुतळीने बांधलेला कठडा मला त्या क्षणी इतका स्वच्छ आठवला की सुतळीची गाठ कुठल्या बाजूला होती तेही सांगितलं असतं.

मग आणखी एक बातमी आली. ती बहुतेकांनी वाचून सोडून दिली असेल, पण माझ्यासारख्या लेखाशीर्षं कोळून प्यायलेल्या बाईला तिने झोपू दिलं नाही. दुर्घटनेनंतर रेल्वेमंत्र्यांनी जाहीर केलं की यापुढे पादचारी पूल ‘अत्यावश्यक’ मानले जातील. म्हणजे तोवर? तोवर स्टेशनावरचा पहिला पूल तेवढा आवश्यक, आणि त्यानंतरचे सगळे पूल ‘प्रवासी सुविधा’. दीडशे वर्षांची वहिवाट होती म्हणे.

प्रवासी सुविधा! पाण्याचे नळ, बाकडी, पंखे यांच्या पंगतीत पूल. आता सुविधा या शब्दाचा सरकारी अर्थ समजून घ्या. सुविधा म्हणजे जी दिली तर आभार मानायचे, नाही दिली तर तक्रार करता येत नाही. पैसा कमी पडला की सुविधा पुढच्या वर्षी. सुरक्षा या शीर्षाखाली खर्च टाकला की तोच कागद वेगळ्या वेगाने चालतो, वेगळ्या टेबलांवरून जातो, ‘का अडवलं?’ असं विचारण्याची धमक त्याच्यात येते. पूल तोच. गर्डर, पायऱ्या, त्यावरून पाय सरकवणाऱ्या बायका, सगळं तेच. एक शब्द बदलला. मी एकतीस वर्षांत कितीतरी खर्च एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात वळते केले. त्याला आम्ही पुनर्विनियोजन म्हणतो आणि त्यासाठी एका पानाचा प्रस्ताव पुरतो.

नवा पूल लष्कराने बांधला. बॉम्बे सॅपर्सचे जवान आले आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला तो लोकांसाठी खुला झाला; करी रोड आणि आंबिवलीचे पूलही त्यांनीच केले. मुंबईत लोकलच्या पुलाला लष्कर बोलवावं का यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला, आणि तो रास्त होता. पण मार्चमध्ये एका सकाळी मी त्यावरून गेले तेव्हा वादाबिदाचं काही डोक्यात नव्हतं. माझ्या पुढे चक्क रिकामी जागा होती. मी पाय उचलून चालत होते.

त्यानंतरची गोष्ट मुंबईकरांना तोंडपाठ आहे, म्हणून भराभर सांगते. ३ जुलै २०१८ च्या सकाळी अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथाचा भाग रुळांवर कोसळला. मोटरमन चंद्रशेखर सावंत यांनी वेळेत ब्रेक लावला म्हणून भरलेली लोकल त्या ढिगाऱ्याच्या आधी थांबली. मग रेल्वेने आयआयटीच्या मदतीने ४४५ पुलांची तपासणी करायची ठरवली. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी सीएसएमटीबाहेरचा हिमालय पूल पडला. तो महापालिकेचा, आणि तपासणीत किरकोळ दुरुस्त्या सांगून पास झालेला. प्रत्येक वेळी पहिले काही तास एकाच प्रश्नात गेले: पूल कुणाचा? रुळांच्या वरचा तुकडा रेल्वेचा, दोन्हीकडचे पोहोचरस्ते पालिकेचे, पैसे एकाने भरायचे, काम दुसऱ्याने करायचं. भावकीतल्या विहिरीसारखं. पाणी सगळ्यांचं, गाळ कुणाचाच नाही.

भावकी म्हटलं ते उगाच नाही. रुळांवरून जाणाऱ्या रस्त्याच्या पुलाचा खर्च बहुतेक वेळा रेल्वे आणि राज्य अर्धा-अर्धा वाटून घेतात. राज्याचा वाटा प्रत्यक्षात कधी पालिकेच्या, कधी एखाद्या प्राधिकरणाच्या पदरात पडतो. या भानगडी सुटसुटीत व्हाव्यात म्हणून महारेल नावाची निम्मी राज्याची, निम्मी रेल्वेची कंपनीच काढली आहे. तरी रेल्वेच्या हद्दीत काम करायचं तर आधी पैसे जमा करा, मग आराखडा तपासू, मग ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून कामाला मोकळा वेळ देऊ, हा क्रम सुटत नाही. अंधेरीचा नवा गोखले पूल २०२४ च्या फेब्रुवारीत अर्धा उघडला तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंची जुळेना. नव्या नियमाप्रमाणे रुळांवर जास्त उंची सोडावी लागली होती; जुना पूल जुन्या उंचीवर. साऱ्या महाराष्ट्राने त्या फोटोवर विनोद केले. शेवटी बर्फीवाला पुलाचा तुकडा जॅक लावून वर उचलला आणि जोडला. मला त्या फोटोत विनोदापेक्षा दोन फायली दिसत होत्या, वेगवेगळ्या रंगांच्या नाड्या बांधलेल्या.

आणि पाडण्याची तर रांगच लागली. हँकॉक पूल २०१६ च्या जानेवारीत पाडला, त्याच्या जागी नवा यायला २०२२ उजाडलं. मधली वर्षं आसपासच्या लोकांनी रूळ ओलांडण्यात काढली. आमच्या कल्याणचा पत्री पूल २०१८ च्या नोव्हेंबरात पाडला, नवा २०२१ च्या जानेवारीत झाला, आणि त्या मधल्या काळात कल्याणात कुणाला वेळ दिली तर ‘पत्री पुलाचे धरून’ दिली जायची. मशीद बंदरचा कर्नाक पूल १८६८ चा. २०२२ च्या नोव्हेंबरात सत्तावीस तासांचा ब्लॉक घेऊन तो कापून काढला. ज्या गव्हर्नराच्या नावाचा तो पूल, त्याचं पूर्ण आडनाव रिव्हेट-कर्नाक होतं. रिव्हेटांवर, म्हणजे लोखंड जोडणाऱ्या गोल डोक्याच्या खिळ्यांवर, उभ्या असलेल्या पुलाला रिव्हेट आडनावाचा माणूस मिळावा, हा योगायोग मला उगाचच आवडतो. नव्या पुलाचं नाव सिंदूर.

पैसा मुळातच नव्हता असं म्हणावं, तर तेही खरं नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत रेल्वेचं वेगळं अंदाजपत्रक बंद होऊन ते मुख्य अंदाजपत्रकात विलीन झालं. त्याच वेळी पाच वर्षांसाठी एक लाख कोटी रुपयांचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष जाहीर झाला. खास सुरक्षेसाठी. पुढे महालेखापरीक्षकांच्या अहवालात आलं की या कोषातले काही पैसे काचसामानावर आणि पायाला मसाज करणाऱ्या यंत्रावरही गेले. मोटरमन-गार्डांच्या विश्रांतिगृहासाठी ते यंत्र घेतलं असेल तर मी त्यांच्या बाजूने आहे. आठ तास उभ्याने-बसल्याने डोळ्यांत तेल घालून गाडी हाकणाऱ्याचे पाय दुखतात. पण त्याचं शीर्ष वेगळं, बाई! हे मी अहवालाच्या बातमीला मोठ्याने सांगितलं. घरात कुणी नव्हतं. जुनी मालमत्ता बदलायला रेल्वेकडे घसारा निधी असतो, त्यात पुरेसे पैसे टाकले जात नाहीत हेही महालेखापरीक्षकांनी एकापेक्षा जास्त वेळा लिहिलेलं आहे. आणि रेल्वेच्या कामांच्या त्या गुलाबी पुस्तकात काही कामांपुढे वर्षाची तरतूद म्हणून फक्त एक हजार रुपये असतात. काम मरू नये, यादीतून नाव जाऊ नये म्हणून. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडात चमच्याने पाणी घालावं तसे ते हजार रुपये.

एक गोष्ट मात्र इंजिनिअर मंडळींच्या बाजूने सांगितली पाहिजे, कारण आम्ही लेखावाले त्यांना आयुष्यभर छळतो. पैसा आला तरी वेळ कुठून आणायचा? शेवटची लोकल गेल्यापासून पहाटेची पहिली सुटेपर्यंत जेमतेम तीन तास. त्यात वीज बंद करायची, क्रेन आणायची, गर्डर टाकायचा, पुन्हा वीज सुरू. मोठं काम असेल तर रविवारचा मेगा ब्लॉक. आणि रविवारी मेगा ब्लॉक असला की त्यांना शिव्या घालण्यात मी सगळ्यांत पुढे. माझ्या चुलत बहिणीच्या मुलीच्या लग्नात अक्षता पडून पंगत उठल्यावर मी पोचले, ते असल्याच एका गर्डरपायी. तो गर्डर कुठला होता ते आजतागायत मी विचारलेलं नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टनचा रस्त्याचा पूल बंद झाला. हा निराळा, १९१३ चा, परळ आणि प्रभादेवीला जोडणारा. त्याच्या जागी दुमजली पूल होणार आहे. बंद झाल्यावर आठवड्याभराने मी मुद्दाम गेले. पत्र्याचं कुंपण, ‘रस्ता बंद’चा बोर्ड, आणि आसपासच्या इमारतींतल्या लोकांची धास्ती, की आमच्या घराचं काय. पलीकडच्या इस्पितळात जायला केवढा वळसा पडतो ते एक टॅक्सीतून उतरलेले आजोबा ट्रॅफिक पोलिसाला समजावून सांगत होते, जणू त्यानेच पूल बंद केला. त्या पोलिसाने हात जोडले. इतकी वर्षं त्या पुलाच्या म्हातारपणाबद्दल सगळे बोलत होते, पण त्याला पैसा मिळाला तो म्हातारा झाला म्हणून नाही. अटल सेतूवरून येणारी वाहतूक वरळीला नेणाऱ्या शिवडी-वरळी मार्गाच्या वाटेत तो आला म्हणून. आमच्या जिन्याच्या कठड्याचंही तेच झालं होतं. सत्तावीसमध्ये त्याला कुणी उभं केलं नाही. त्रेपन्न आलं आणि त्याला कडेवर घेऊन गेलं.

परतताना आमच्या स्टेशनावर, जुन्या पादचारी पुलाच्या जिन्याखाली, शिडीवर एक माणूस दिसला. पिवळं जाकीट, हातात छोटीशी हातोडी. तो गर्डरच्या रिव्हेटांवर एकेक करून हलकेच मारत होता. मारताना दुसऱ्या हाताचं बोट रिव्हेटच्या पलीकडच्या डोक्यावर ठेवायचा, मारायचा, क्षणभर थांबायचा, पुढे सरकायचा. वैद्य नाडी बघतो तसं तोंड. मी थांबून बघत राहिले. निवृत्त माणसाला हे परवडतं. एका रिव्हेटवर त्याने तीनदा मारलं. आवाज बाकीच्यांसारखा टणटणीत नव्हता, जरा बद्द होता. त्या डोक्याभोवती गंजाचा लालसर ओघळही होता. त्याने खिशातून खडू काढला आणि भोवती गोल केला.

‘‘सैल आहे का हो?’’ मी खालून विचारलं.

‘‘बोटाला लागतं, मॅडम. हलतं.’’

पंधरा-वीस दिवसांनी बघितलं तर तिथे रिव्हेट नव्हतं, बोल्ट होता. गोल डोक्यांच्या लांबच लांब रांगेत एकच षटकोनी डोकं, नवं, भोवती ताजा करडा रंग. योगायोगाने तो माणूस पलीकडच्या जिन्याखाली होता. मी सवयीने विचारलं, याला खर्च किती आला असेल?

तो हसला. ‘‘याचं वेगळं बिल नाही होत, मॅडम.’’